अनुभव धागा: दोन पोलीस, एक गाडी आणि अखंड भांडण

पावसाळीढग
परवा लेकाला घेऊन रश अवर हा सिनेमा लावला. १९९८चा, जॅकी चॅन आणि क्रिस टकरचा. आमच्याकडे तो दोन व्हीसीडींमध्ये होता आणि दुसरीवर नेमका शेवटाकडे ओरखडा, त्यामुळे जॅकी चॅन वर लटकलेला असतानाच चित्राचे चौकोन होऊन सगळं थिजायचं. मी आणि दादा दिवसभर एकमेकांच्या झिंज्या उपटायचो पण ती सीडी लागली की मांडीला मांडी लावून गप. तो ली (जॅकी चॅन), मी कार्टर (टकर), कारण माझं तोंड बंद नसायचं. तर परवा इतक्या वर्षांनी कळलं की टकर खाली झेंडा ताणून धरतो आणि चॅन त्यावर पडतो!! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. लेक ढिम्म. म्हणे, आई हा पोलीस सगळ्यांना इतकं टाकून बोलतो, याला कोणी नोकरीवरून काढत कसं नाही? आणि खरंच, चिनी लोकांवरच्या ज्या विनोदांवर आम्ही लोळायचो ते आले की मी रिमोट चाचपत होते. तरी पिक्चर आवडलाच, काय करू. असे भांडकुदळ पोलीस जोडीचे सिनेमे तुमचे कुठले ते लिहा, आवडते, नावडते, कोणाबरोबर पाहिले.

टंकाळा
+१. टंकायचा कंटाळा. नंतर येतो.

रात्रपाळी
मला कामावर असाच एक जोडीदार मिळाला होता. मी घाईचा, तो प्रत्येक नोंद दोनदा तपासणार. आठ महिने आम्ही कामाशिवाय एक शब्द बोललो नाही. या सिनेमांत तेच दीड तासात जमतं, पण त्यांच्यावर कोणीतरी सारखं गोळ्या झाडत असतं म्हणून असेल. आमची दोस्ती लिफ्ट बंद पडली तेव्हा झाली. चाळीस मिनिटं. हेच बघायला आवडतं मला, की दोघं एका डब्यात कोंडलेत आणि पळायला जागा नाही. गोष्ट काय होती ते मला कधीच आठवत नाही, गाडीतली भांडणं आठवतात.

जुनंखोड
वॉल्टर हिलचा ४८ अवर्स (१९८२) कोणी काढला नाही अजून? एडी मर्फीचा पहिला सिनेमा. खरं तर त्यात पोलीस एकच, दुसरा ४८ तासांसाठी तुरुंगातून बाहेर काढलेला कैदी. पोलीस झालेला निक नोल्टे त्याला वर्णावरून जे जे बोलतो ते आज ऐकवत नाही. पुढे तो माफी मागतो, पण तोवर अर्ध्याहून जास्त सिनेमा त्या शिव्यांच्या जोरावर हसवून झालेला असतो. त्याहून मागे जायचं तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा स्ट्रे डॉग, १९४९. तरुण पोलिसाचं पिस्तूल बसमध्ये चोरीला जातं आणि एक मुरलेला अधिकारी त्याला शोधायला मदत करतो. विनोदी नाही, पण नवखा आणि मुरलेला ही जोडी तिथे आहे.

भूभूवेडी
स्ट्रे डॉग पण कुत्र्याचाच का? मी टर्नर अँड हूचबद्दल लिहायलाच आले होते. टॉम हँक्स टापटिपीचा पोलीस आणि तो लाळ गाळणारा कुत्रा हूच सगळं घर फाडतो. लहानपणी हसत हसत पाहिला आणि शेवटी हूच मरतो!!! कोणी सांगितलं नव्हतं. उशीत तोंड खुपसून रडले. त्याच वर्षी, म्हणजे १९८९ला, के-नाइन पण आला होता, त्यातला कुत्रा जगतो. ज्यांना रडायचं नाही त्यांनी तो बघा.

जुनंखोड
नाही हो, स्ट्रे डॉगमध्ये कुत्र्याची जोडी नाही.

भूभूवेडी
मग नाव फसवं आहे.

टंकाळा
आलो. एक खेळ. यातल्या कुठल्याही सिनेमातल्या खलनायकाचं नाव सांगा, गूगल न करता.

रात्रपाळी
😂😂 तो नाही का… ड्रग्जवाला.

पावसाळीढग
रश अवरचा जुंताओ! पण परवाच पाहिलाय म्हणून.

टंकाळा
बघा. लीथल वेपन (१९८७) मी दहा वेळा पाहिलाय, त्यातला पोलीस मर्टॉ पन्नासाव्या वाढदिवशी टबात बसलाय आणि अख्खं कुटुंब केक घेऊन आत घुसतं हे पाठ आहे, व्हिलनचं नाव शून्य. (मर्टॉ झालेला डॅनी ग्लोव्हर तेव्हा स्वतः फक्त चाळिशीचा होता.) लेखक सगळी मेहनत जोडीवर घालवतात आणि उरलेल्या कागदावर गुन्हा लिहितात. मग दुसऱ्या भागापर्यंत जोडीचं जमलेलं असतं, भांडायला कारण उरत नाही, तर खोटं भांडण लावून देतात. तिथून उतरण.

ओलेकपडे
दोरीवर कपडे टाकता टाकता लिहितेय, चुका पोटात घाला. बायकांचं काय या सिनेमांत? एकीने फोनवर रागवायचं, दुसरीने ओलीस व्हायचं. म्हणून २०१३चा द हीट आम्ही तिघी मैत्रिणींनी ओरडत पाहिला, त्यात जोडी बायकांचीच, सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी. बुलक शेजाऱ्यांचं मांजर आपलं म्हणून मिरवते तिथे एकीच्या डोळ्यात पाणी, कारण ती पण तेव्हा नुकतीच एकटी राहायला लागली होती. बाकी नंतर

एकटाजीव
मला एकदा नुसत्या चौकशीला बोलावून तीन तास बाकावर बसवलं होतं. मारलं नाही, बोललं पण नाही कोणी. चूक माझी नव्हतीच. तेव्हापासून ती संशयिताला धमकावायची, उलटं टांगायची विनोदी दृश्यं आली की मला त्या टांगलेल्याचाच चेहरा दिसतो. द हीटमध्ये पण तेच आहे, ओलेकपडे. सॉरी, रंगाचा बेरंग.

ओलेकपडे
नाही रे, बरोबर आहे तुझं. ते आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

रात्रपाळी
एकटाजीव, हॉट फझ (२००७) बघ. त्यातल्या पोलिसाला फॉर्म भरायचं वेड आहे, आणि फॉर्म भरणं हाणामारीसारखं फटाफट कापून दाखवलंय. माझ्या त्या जोडीदाराला दाखवला तर म्हणाला, यात विनोद कुठे आहे?

टंकाळा
लिफ्टवाला?

रात्रपाळी
तोच. आता शेजारी राहतो.

पावसाळीढग
दादाला लिंक पाठवली होती. त्याचा निरोप आलाय: ओरखडा मी नाही, तू पाडलास, कंपासपेटीतल्या कर्कटकाने, आणि मी आईला सांगितलं नाही.