मदत हवी आहे: टीममधल्या स्वमग्न सहकाऱ्यासाठी मीटिंगा कशा बदलू?

पुण्यात आयटीत आहे, नऊ जणांची टीम सांभाळते. त्यातला एक मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे, हे त्याने स्वतःच मला सांगितलंय. बाकीच्यांना माहीत नाही. कोडमधली चूक तो असा पकडतो की बघत राहावं. पण रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे कामाचा आढावा घेणाऱ्या छोट्या मीटिंगमध्ये, तिघं एकदम बोलायला लागले की त्याचं पेनाचं टोपण काढ-घाल सुरू होतं आणि त्याची पाळी आली की, "काही नाही." तासाभराने चॅटवर मुद्देसूद उत्तर येतं!

आता अजेंडा आदल्या दिवशी पाठवते, लेखी उत्तरही चालतं. बराच फरक पडलाय.

अडलंय ते गणपतीपाशी. ऑफिसात ढोल, अंताक्षरी, सगळ्यांनी एकच रंग घालायचा. गेल्या वर्षी तो जिन्यात जाऊन बसला होता. बोलवावं तर त्रास, न बोलवावं तर वाळीत टाकल्यासारखं. त्याला विचारलं तर म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण एचआरकडे गेले तर त्याचं गुपित फुटेल. त्याचं नाव न घेता सगळ्या टीमलाच लागू होईल असं कुणी काही केलंय का? स्वतः स्वमग्न असलेल्यांनी सांगितलं तर फारच बरं.