नर्सिंगची थिअरी ऑनलाइन ठेवावी का? पोरापोरींनो, खरं खरं बोला

रातपाळी: आमच्याकडे शनिवारची लेक्चर्स परत गूगल मीटवर घ्यायचं चाललंय आणि ग्रुपवर लगेच भांडणं सुरू. माझं मत विचाराल तर थिअरी ऑनलाइनच बरी. ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, न्यूट्रिशन, वर्गात तरी काय होतं, मॅडम पीपीटी वाचणार आणि आम्ही उतरवून घेणार. त्यापेक्षा रेकॉर्डिंग द्या ना, नाईट करून आले की झोप काढून संध्याकाळी बघते. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, व्हिडिओ मागे नेऊन नेऊन बघितला तेव्हा डोक्यात शिरला, वर्गात इतक्यांदा विचारलं असतं तर ओरडा खाल्ला असता.

गावाकडचा_जीएनएम: ताई तुमच्याकडे वायफाय आहे म्हणून हे सुचतंय. 2020 च्या मार्चमध्ये होस्टेल रिकामं करायला लावलं, घरी एकच स्मार्टफोन, त्यावरच धाकट्याचे पण क्लास. रेंजसाठी टाकीवर चढायचं, तिथं ऊन, आवाज तुटक, आणि मॅडम विचारणार 'समजलं का सगळ्यांना?' सगळे यस मॅडम. हजेरीपुरतं लॉगिन करायचं आणि फोन ठेवून कामाला लागायचं, निम्मा वर्ग हेच करत होता.

पोस्टिंग_क्वीन: थिअरीचं सोडा हो. डेमो पण व्हिडिओवर उरकतात आणि प्रोसिजर बुकात सही, त्याचं काय? पोटावरून बाळाची पोझिशन बघायच्या ग्रिप्स व्हिडिओत सगळ्यांना येतात. लेबर रूममध्ये कळ आली की पोट दगडासारखं होतं, हाताला काहीच कळत नाही, कळ ओसरेपर्यंत थांबायचं असतं. आणि ती बाई तुमचा हात झटकून टाकते. हे कुठल्या लिंकवर शिकवणार?

रातपाळी: अगं मी प्रॅक्टिकल ऑनलाइन घ्या म्हटलंच नाही. नीट वाच की.

पोस्टिंग_क्वीन: तू नाही म्हणत गं, कॉलेजं म्हणतात. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आधीच कमी, एकदा सोय सापडली की आज शनिवार, उद्या नर्सिंग फाउंडेशन विषयाचा अख्खा युनिट.

सेम_थ्री: पण नियम बघा ना. 2021 च्या नवीन बीएस्सी सिलॅबसमध्ये थिअरीचं एक क्रेडिट 20 तासांचं, स्किल लॅबचं 40, क्लिनिकलचं 80. थिअरीला 80 टक्के हजेरी चालते, प्रॅक्टिकलची मात्र डिग्रीच्या आधी 100 टक्के भरावीच लागते. म्हणजे मुख्य वजन वॉर्डातच आहे, शनिवारचे दोन तास मोबाईलवर गेले तर काय बिघडतं?

पोस्टिंग_क्वीन: कागदावर 100 टक्के सगळ्यांचेच असतात रे बाळा 😂

ट्यूटर_आहे_जपून_बोला: दोन शब्द माझेही. ऑनलाइन टेस्टला ड्रिप रेट, म्हणजे सलाईनचे मिनिटाला किती थेंब, विचारला, 500 एमएल आठ तासांत, सेट एका एमएलला 20 थेंबांचा. एकाने चॅटमध्ये 21 टाकलं की खाली 21, 21, 21 ची रांग. पुढे वॉर्डात तेवढ्याच सलाईनला मायक्रोड्रिप सेट दिला, त्याचे एका एमएलला 60 थेंब, तरी पोरं 21 च लावायला निघाली. मिनिटाला 62-63 पाहिजेत, 21 ने ती बाटली दिवसभर संपायची नाही. वर्गात चेहरा बघून कळतं कोणाला आलं नाही, काळ्या चौकोनात काय बघू?

रातपाळी: मॅडम, कॉपी मागच्या बाकावर पण होते की. ते गणित पाठ करायला लावलं, सेट हातात देऊन शिकवलं नाही, हा दोष मीटचा कसा काय?

ट्यूटर_आहे_जपून_बोला: सेट हातात द्यायला तुम्ही समोर पाहिजे ना मग?

रातपाळी: हो, लॅबमध्ये. लेक्चरला नाही.

गावाकडचा_जीएनएम: घ्यायचंच असेल तर नुसता ऑडिओ करून टेलिग्रामवर टाका, कमी रेंजला पण उतरतो. आणि कॅमेरा ऑनची सक्ती नको, मागं आई भाकऱ्या थापत असते, तिला उठवायचं का तिथनं?

सेम_थ्री: कॅमेरा बंद तर हजेरी कशी घेणार मग?

गावाकडचा_जीएनएम: शेवटी पाच प्रश्न टाका, प्रत्येकाला आकडे वेगळे. 21 ची रांग पण लागणार नाही.