विलेमस्टाडला टूर कशाला?
क्रूझ कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर, म्हणजे राजधानी विलेमस्टाडला थांबली की जहाजाकडूनच शहराची टूर घ्यावी का, असा प्रश्न आलाय. माझ्या मते तरी अजिबात नको. धक्क्यावरून रिफ फोर्टमार्गे पायी निघालं की क्वीन एम्मा पूल लागतो. १८८८ चा हा पूल होड्यांवर तरंगतो आणि जहाज आलं की अख्खा बाजूला सरकतो. तुम्ही वर असलात तर तुमच्यासकट! पूल असा सरकलेला असेल तेव्हा पलीकडे जायला फेरीबोट फुकट. पलीकडे पुंडा या जुन्या भागात १७३२ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, आत जमिनीवर चक्क वाळू पसरलेली. शनिवारी मात्र विसरा, सब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार असतो. जेवायला प्लासा बिउ हा जुना बाजार गाठा, बकऱ्याचा स्टोबा (रस्सा) मागवा. डॉलर चालतात, फक्त सुटे ठेवा. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवरच असू द्या बरं का.