पगारातून शिल्लक आधी कशी काढावी?

प्रश्न (भांडुप): आम्ही दोघेही नोकरी करतो, तरी २० तारखेनंतर हात आखडतो, वाणसामान, लोकलचे पास, मुलीची शिकवणी यांत पगार कुठे मुरतो ते कळत नाही. घरात सर्वांनी मिळून हिशेब कसा ठेवावा?

उत्तर (गिरगाव): आमच्याकडे फ्रिजजवळ वही टांगलेली असते आणि दुधापासून वडापावापर्यंतचा खर्च ज्याचा त्याने रात्री लिहायचा असतो. बाहेरून मागवलेल्या जेवणाचा आकडा पाहून मुलांनीच कपात सुचवली.

उत्तर (परळ): उरले तर साठवू म्हटले की काहीच उरत नाही. म्हणून बचत आधीच बाजूला काढावी. पीपीएफचे (सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत खात्याचे) पैसे ५ तारखेपर्यंत भरावेत, कारण व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जाते. मुलगी १० वर्षांखालील असल्यास तिच्या नावाने सुकन्या समृद्धी हे सरकारी बचत खातेही उघडता येईल.

प्रश्नकर्ती: ती आठ वर्षांची आहे, उद्याच टपाल कार्यालयात जाते.