अनुभव धागा : 'जॉज' पुन्हा पाहताना तुमच्या कामातलं काय दिसतं?

२० जून १९७५ रोजी अमेरिकेत लागलेला 'जॉज' हा शार्कचा सिनेमा आता पन्नाशी ओलांडून गेला, तरी तो लागला की माणसं बसून पाहतात. 'लहानपणी पाहिला आणि महिनाभर पाण्यात पाय घातला नाही' हे सगळ्यांचंच असतं, त्यामुळे ते इथे नको. संकलन, वाजवणं, बोट, यंत्र, मासा यांपैकी ज्याला जे कळतं, त्याने त्या नजरेतून एखादी जागा उलगडून सांगावी. प्रसंग नेमका हवा. 'अप्रतिम कलाकृती' एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल.

यंत्रकाम

सुरुवात माशापासूनच करू. एक नव्हे, तीन यांत्रिक मासे होते, प्रत्येकी २५ फूट म्हणजे साधारण साडेसात मीटर. युनिटने त्यांचं नाव ठेवलं ब्रूस, दिग्दर्शक स्पीलबर्गच्या वकिलाचं. एक मासा सुमारे ३०० फूट दोरीने ओढायचा. त्याला पोटच नव्हतं. उरलेले दोन समुद्रतळावर ठेवलेल्या पोलादी चौथऱ्यावरच्या दांड्यावर बसवलेले. त्यातला एक फक्त डावीकडून उजवीकडे जायचा आणि दुसरा उलट. दोघांचीही कॅमेऱ्यामागची बाजू सताड उघडी, हवेच्या नळ्यांचं जंजाळ तिथे. म्हणजे दिशा बदलली की मासा बदला.

मार्थाज व्हिनयार्ड बेट निवडण्याचं एक कारण हा चौथराच. किनाऱ्यापासून बरेच मैल आत गेलं तरी तळ वाळूचा आणि पाणी सुमारे ३५ फूटच. जमीन दिसत नाही, पण तळ हाताशी.

घोटाळा कुठे झाला? चाचणी गोड्या पाण्यात झाली. खारं पाणी वीज वाहून नेतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले की त्यातला एक झिजायला लागतो. आपल्याकडे लोखंडी बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी, की झिजायचं ते जस्ताने झिजावं. त्यात माशाची कातडी निओप्रीन या रबरी फोमची. ती पाणी प्यायली आणि मासा सुजला. शिवाय हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्यामुळे हवेवर चालणारा जबडा सावकाश, मोजून मिटवणं अवघड, तो झटक्याने मिटतो. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं, त्यातला मोठा वाटा या दुरुस्त्यांचा.

संकलन

'मासा बिघडला म्हणून सिनेमा चांगला झाला' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. मासा बिघडला की हातात काय उरतं? रिकामं पाणी. रिकाम्या पाण्याला कोणी घाबरत नाही. मासा कुठे आहे हे प्रेक्षकाला दर क्षणी कळावं लागतं, फक्त डोळ्याला दिसता कामा नये. ते काम खुणांनी होतं, आणि खुणा कापून-जोडून बसवाव्या लागतात. संकलिका व्हर्ना फील्ड्सना ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

किनाऱ्यावरचा प्रसंग काढून बसा, ज्यात पिवळ्या तरंगत्या गादीवरचा मुलगा जातो. पोलीसप्रमुख ब्रोडी वाळूत बसलाय. त्याच्या समोरून माणसं जातात, आणि माणूस लेन्ससमोरून गेला की त्याच्या पाठीआड काप. काप झाल्यावर ब्रोडी आधीपेक्षा जवळ. पुन्हा माणूस, पुन्हा काप, आणखी जवळ. कॅमेरा हलत नाही, तरी आपण त्याच्या चेहऱ्यात ढकलले जातो. मध्ये लोक येऊन त्याच्याशी गावगप्पा करतात, आणि तो मान वाकडी करून त्यांच्या खांद्यावरून पाणी बघतो. आपणही मान वाकडी करतो! तेवढ्यात कुत्र्याचा मालक हाका मारतोय. पाण्यावर फक्त काठी तरंगतेय. कुत्रा मेला असं कोणी सांगत नाही.

लांबीचा हिशेबही तितकाच काटेकोर. स्पीलबर्गनेच सांगितलंय, की माशाचा एखादा शॉट ३६ फ्रेमला भीतीदायक आणि ३८ फ्रेमला हास्यास्पद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर फरक सेकंदाच्या बाराव्या भागाचा. रबराचा मासा तेवढ्या वेळात रबराचा दिसायला लागतो.

कॅमेरा

वरच्याला जोड. त्या प्रसंगाच्या टोकाला ब्रोडीचा चेहरा जागच्या जागी राहतो आणि मागचा किनारा लांब पळतो. करायची रीत : ट्रॉली पुढे न्यायची आणि त्याच वेळी झूम मागे घ्यायचा. चेहऱ्याचा आकार चौकटीत जराही बदलता कामा नये. फोकस ओढणारा तिसरा माणूस लागतो. ट्रॉली आणि झूम यांपैकी एक थोडा आधी सुटला की चेहरा 'श्वास घेतो' आणि युक्ती उघडी पडते. युक्ती हिचकॉकच्या १९५८च्या 'व्हर्टिगो'तली, इथे वापरली एकदाच, काही सेकंद. म्हणून टिकली.

बोटीवर मात्र तिवई ठेवली नाही, बराच भाग हातात कॅमेरा धरून टिपला. तिवई बोटीला जखडली की बोट कललेली कळतच नाही, उलट क्षितिज झुलायला लागतं आणि प्रेक्षकाला मळमळतं. उभा माणूस गुडघ्यांनी तो झोका खातो. पाण्यातल्या शॉट्सना कॅमेरा जलरोधक पेटीत, भिंग अगदी पाण्याच्या रेषेवर. पोहणाऱ्याच्या डोळ्याची उंची तीच असते. त्या उंचीवरून चार मीटरवरची लाटसुद्धा आडोसा होते.

क्षितिजावर शिडाची होडी आली की काम थांबायचं. माशामागे निघालेली तिघं माणसं समुद्रात एकटी पडलीत, हे मागे सहलीची होडी दिसत असताना कोण मानणार?

पेटीवाला

संगीतकार जॉन विल्यम्सची ती माशाची धून दोन सुरांची : ई आणि एफ. पेटीवर पांढरी तीन आणि पांढरी चार, मध्ये काळी पट्टी नाही. पांढरी तीनचा षड्ज धरलात तर सा आणि कोमल रे. एवढंच. वाजवून बघा, पण एकसारखं वाजवू नका, तिथेच सगळे चुकतात. एकदा सा-रे, मग गप्प. इतका वेळ गप्प, की संपलं असं वाटावं. पुन्हा सा-रे. मग अंतर कमी करत आणा. मासा जवळ येतोय हे वेगावरून कळतं, सूर तेच राहतात. वरून जी ओळ येते ती ट्यूबावर, तीही त्या वाद्याच्या चढ्या पट्टीत, म्हणून जरा कोंडल्यासारखी ऐकू येते.

आता यातली खरी मेख. दोन पोरं पुठ्ठ्याचा पर लावून किनाऱ्यावर गोंधळ उडवतात, तेव्हा ही धून वाजत नाही. मासा नाही, तर सूर नाही. संगीताने आपल्याशी केलेला हा करार आहे. आणि पुढे ब्रोडी बोटीच्या मागच्या टोकाला, वाकून, तोंडात सिगारेट, पाण्यात माशांचे तुकडे आणि रक्त टाकतोय. धून नाही, म्हणून आपण निवांत. आणि डोकं वर येतं. करार मोडला! दोन तासांच्या सिनेमात मासा नीट दिसायला तब्बल ८० मिनिटं लागतात, ती इथे.

संकलन

@पेटीवाला, त्या दचक्याची किंमतही सांगायला हवी. चाचणी-प्रयोगानंतर स्पीलबर्गला आणखी एक किंकाळी हवी होती. म्हणून बुडालेल्या होडीच्या भोकातून बाहेर येणारं मुंडकं नव्याने टिपलं, ते फील्ड्सबाईंच्या घरच्या पोहण्याच्या तलावात. तलावाचं पाणी फारच नितळ, म्हणून त्यात दूध ओतलं. दुधाचे कण उजेड विखुरतात आणि पाणी समुद्रासारखं गढूळ दिसतं. वर ताडपत्री घालून अंधार केला. किंकाळी मिळाली. पण स्पीलबर्गच्याच सांगण्यानुसार पुढचा, वर सांगितलेला दचका त्यामुळे कमी झाला. प्रेक्षक एकदा फसल्यावर सावध बसला. माझ्या मते हा सौदा तोट्याचा.

धक्क्यावरचा माणूस

सगळे मोठ्या प्रसंगांवर बोलताय. माझा आवडता छोटा आहे. दोघं जण रात्री लाकडी धक्क्यावर येतात, घरातून ढापलेला मांसाचा मोठा तुकडा गळाला लावतात, साखळी धक्क्याच्या खांबाला बांधतात आणि फेकतात. चूक इथेच झाली. ओढ बसली की ताण जातो तो खांबाला, आणि खांब फळ्यांना खिळलेला. साखळी तुटत नाही, फळ्या उखडतात. धक्क्याचं टोक एका माणसासकट पाण्यात. लाकडाचा तो तुकडा लांब जातो. थांबतो. मग सावकाश वळतो आणि पोहणाऱ्याच्या दिशेने परत येतो.

मासा दिसलाच नाही, पण तो कुठे आहे, कुठे बघतोय, किती वेगाने येतोय, सगळं कळलं. चार फळ्यांत.

मत्स्यशास्त्र

माशाची बाजू घेणारं कोणीतरी हवंच. पांढरा शार्क सहा मीटरच्या आसपास, त्यापुढे फार जात नाही. सिनेमातला दीड मीटरने वाढवलाय. खऱ्या माशांचं चित्रण ऑस्ट्रेलियात रॉन आणि व्हॅलेरी टेलर या जोडप्याने केलं. तिथले मासे लहान, म्हणून लहान पिंजरा आणि त्यात बुटका माणूस, म्हणजे मासा आपोआप मोठा. त्यातल्या एका चित्रणात मासा रिकाम्या पिंजऱ्याच्या दोऱ्यांत अडकून धडपडला. ते इतकं जबरदस्त निघालं, की वापरण्यासाठी कथेतला शास्त्रज्ञ हूपर पिंजऱ्यातून आधी निसटवला आणि जिवंत ठेवला. कादंबरीत तो मरतो.

शार्क सूड घेत नाही, एकाच गावाची वाट धरून बसत नाही. मूळ कादंबरीकार पीटर बेंचली पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला लागले, हे नोंदवून ठेवतो. आणि एक गंमत : चित्रीकरण झालं त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या किनाऱ्यावर, आता पांढरे शार्क खरोखर वाढलेत. १९७२च्या कायद्याने सीलची शिकार थांबली, सील वाढले, पाठोपाठ खाणारे आले.

इतिहास

शार्क-शिकारी क्विंटचं रात्रीचं 'इंडियानापोलिस' या बुडालेल्या युद्धनौकेवरचं भाषण ऐकताना एक चूक लक्षात ठेवा. तो २९ जून १९४५ म्हणतो; जहाज बुडालं ३० जुलैला. सुमारे १,२०० पैकी ३१६ वाचले, तो आकडा मात्र बरोबर. या भाषणात मासा नाही, पाणी नाही, आठवणीचं दृश्यही नाही. टेबल, दिवा, एक माणूस.

ध्वनी

व्यवहाराचं सांगतो. माशाची धून वाजवणाऱ्या डबल बेसचा, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या वाद्याचा, सगळ्यात खालचा ई साधारण ४१ हर्ट्झचा. मोबाइलच्या किंवा पातळ टीव्हीच्या स्पीकरमधून तो मूळ सूर येतच नाही, त्याची वरची सावली तेवढी येते. हेडफोन तरी लावा. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. नाहीतर वर सांगितलेल्या ३६ फ्रेमांच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसवतो आणि मासा रबरी दिसतो. १९७५चा मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा होता, त्यालाच ध्वनीचं ऑस्कर. डिस्कवर मोनोचा पर्याय असेल तर तो लावा. नव्या मिश्रणात काही आवाज बदललेले आहेत, ते कानाला खुपतात.

धक्क्यावरचा माणूस

क्विंट माशाला भाला मारून दोरीने अडकवतो, त्या पिवळ्या पिंपांचं राहिलं. सिनेमाच्या शेवटच्या तासातला अर्धा मासा म्हणजे ती पिंपंच. समजा पिंप १०० लिटरचं आणि वजन १० किलो. ते पूर्ण पाण्याखाली ओढायला समुद्रात ९० किलोच्या वर जोर लागतो. तीन पिंपांना पावणेतीनशे किलो, तेही पोहत असताना, सतत. दोरी धरून माणूस दमण्यापेक्षा मासा दमवायची ही रीत. म्हणून तीन पिंपं बुडाली की क्विंटचा चेहरा उतरतो. त्याचं गणित चुकलेलं असतं.

गुजरातच्या वेरावळ-मांगरोळकडे व्हेल शार्क अशीच धरत. मोठा गळ, दोरी आणि पिंपं. तिथल्या मच्छीमारांनी त्या माशाचं नावच 'बॅरल' पाडलं. लांबी ब्रूसहूनही जास्त भरते, पण खाणं प्लवंकाचं आणि स्वभाव गरीब. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत. २००१मध्ये वन्यजीव कायद्याने संरक्षण मिळालं, आणि आता हा मासा जाळ्यात अडकला की जाळं कापून त्याला सोडतात. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखातं देतं.