व्ही-बिटच्या शेवटच्या पासचं गणित

राउटर मशीनवर लाकडात खोल खाच कोरताना शेवटी मशीन थरथरतं, तेव्हा मोटर कमी पडते म्हणून मोठी स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बसवा, असं सुचवलं जातं. चुकीचं नाही, पण खर्चात पडण्याआधी पासचं, म्हणजे बिटच्या एकेका फेरीचं, गणित मांडून बघा. 90 अंशाच्या व्ही-बिटने (V आकाराच्या टोकाच्या कापणाऱ्या पात्याने) खाच जितकी खोल, त्याच्या दुप्पट रुंद होते, म्हणजे निघणारं लाकूड खोलीच्या वर्गाने वाढतं. 12 मिमीची खाच 3-3 मिमीच्या चार पासमध्ये घेतली तर पहिल्या पासचा छेद (कापल्या जाणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ) 9 चौरस मिमी आणि चौथ्याचा 63. तब्बल सातपट! सुरुवातीला मशीन गुमान चालतं आणि शेवटी थरथरायला लागतं, ते यामुळेच.

सांगलीत आमच्या घराच्या दारासाठी सागवानी पट्टी करताना मी हाच मार खाल्लाय. चौथ्या पासला आवाज बदलला, बिट कण्हल्यासारखा वाजू लागला आणि खाचेच्या दोन्ही भिंतींवर लाटा उमटल्या. पॉलिश पेपरने त्या जात नाहीत, कोपऱ्याची धार मात्र जाते. तेव्हापासून मी खोली समान न ठेवता भार समान ठेवतो. प्रत्येक पासअखेर वरून मोजलेली खोली, मिमीमध्ये: 4.2, 6, 7.3, 8.5, 9.5, 10.4, 11.2 आणि 12. आठही पासना साधारण 18 चौरस मिमीच छेद येतो. त्यातही 12 ऐवजी 11.7 वर थांबून उरलेले 0.3 एका सलग फेरीत घ्या. भिंतीवरून जेमतेम 0.2 मिमी निघतं, पण सागवान अगदी रंधा मारल्यासारखं गुळगुळीत येतं.