सान पेद्रो ते उयुनी: तीन दिवसांत उंची झेपेल का?

नाशिककर: ऑगस्टमध्ये चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाहून बोलिव्हियातल्या उयुनीला जीपने निघतोय. सोबत आई, वय 61. सान पेद्रो 2,400 मीटरवर, आणि पहिल्याच दिवशी थेट 4,800! कोणी केलंय का?

सातारची भटकी: दादा, मी बाबांना घेऊन गेले होते. घाई करू नका, एवढंच हात जोडून सांगते. सान पेद्रोत तीन रात्री काढा. शेवटच्या दिवशी एल तातिओचे गरम झरे बघून या. ते 4,300 मीटरवर आहेत, पण झोपायला खाली येता. आमची पहिली रात्र लगुना कोलोरादापाशी होती, तीही जवळपास तेवढ्याच उंचीवर. बाबांना झोप नाही, डोकं ठणकत होतं, उशाशी ठेवलेलं पाणी पहाटे गोठलेलं. पण सकाळी ते शेवाळाने लालभडक झालेलं तळं आणि त्यात उभे फ्लेमिंगो पाहून बाबा बराच वेळ बोललेच नाहीत.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, आधी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर तसं सांगा.

पुणेकर: ऑगस्टमध्ये उयुनीचं मिठागर कोरडं असतं, त्यावर पाणी साचून आभाळाचा आरसा होतो तो पावसाळ्यात, जानेवारी-मार्चमध्ये. आणि परत चिलीत येताना कोकाची पानं (बोलिव्हियात उंचीच्या त्रासावर चघळतात ती) बॅगेत नकोत, तिथे बंदी आहे.

नाशिककर: ताई, तीन रात्री पक्क्या. बाबांना दुसऱ्या दिवशी बरं वाटलं का?

सातारची भटकी: हो, दुपारी खाली उतरल्यावर. आईला थर्मास नक्की द्या.